कनकलतेचे गार पाय

तंजावूरच्या मेल वीधीत, म्हणजे पश्चिमेच्या हमरस्त्यावर, हनुमंतरावांकडे दुखणं घेऊन जाणाऱ्याने आधी मनगट पुढं करायचं आणि तोंड उघडायचं नाही, असा दंडक होता. कुणी चुकून "पोटात दुखतंय" असं म्हणालंच, तर हनुमंतराव दोन्ही कानांवर हात ठेवत. "सांगूं नको! नाडी सांगेल अस्क," म्हणजे सगळं, असं म्हणत. पुरुषाचा उजवा हात, बाईचा डावा. तीन बोटं टेकवायची, डोळे मिटायचे, ओठ हलवायचे, आणि मग पोटदुखीवाल्याला सांगायचं की तुझ्या पोटात दुखतंय. पोटदुखीवाला थक्क होऊन घरी जायचा. तो आत शिरल्यापासून पोट धरूनच बसलेला होता, हे त्या भरात दोघांच्याही ध्यानात येत नसे.

ते तालुका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, त्याला नऊ वर्षं झाली होती. तोवर नाडीचं काम फक्त सकाळी चाले. आता दिवसभर चाले, म्हणजे घरात वेंकूबाईंना दिवसभर कॉफी करावी लागे. पणजोबा राजवाड्यात वैद्य होते, असं हनुमंतराव सांगत. वेंकूबाईंचं डोकं फिरलेलं असलं, तर त्या स्वयंपाकघरातून दुरुस्ती करत, "वैद्य नव्हते. वैद्याकडे औषधं कुटायला होते." पण खरं सांगायचं तर निम्म्या वेळा हनुमंतरावांचं बरोबर येई. बहुतेक दुखणी आपली आपण बरी होतात, आणि नाव मात्र त्या वेळी हात धरून बसलेल्या माणसाचं होतं.

त्यांच्या या विद्येचं दागिन्यासारखं मिरवायचं एक ठिकाण होतं. कनकलता. हनुमंतरावांच्या बहिणीचा मुलगा सदाशिव तीन घरं पलीकडे राही, त्याची ही नऊ वर्षांची मुलगी. तिची डाव्या मनगटाची नाडी अशी उसळत असे, की बोट ठेवणाऱ्याचं बोट वर उडावं. हनुमंतरावांनी तिला नाव दिलं होतं, 'घोडा'. पाहुणे आले की कनकलतेला बोलावणं जाई. पोरगी परकर सावरत यायची, हात पुढं करायची, आणि मद्रासहून आलेले, कुंभकोणमहून आलेले, ज्यांना नाडीतलं काही म्हणता काही कळत नव्हतं असे सगळे जण ओळीनं तिचं मनगट चाचपून "आहाहा" म्हणायचे. "शंभर वर्षं जगेल," असं हनुमंतराव जाहीर करत. मग कनकलतेला एक लाडू मिळे.

या घोड्याचं अधूनमधून नाक फुटून रक्त यायचं. डोकं दुखायचं. शाळेत पळापळ झाली की पिंढऱ्यांत गोळे यायचे आणि ती मैदानाच्या कडेला बसून राहायची. हनुमंतरावांनी निदान केलं होतं, उष्णता. एवढी जबर नाडी म्हणजे आत भट्टीच पेटलेली असणार. उपाय : मंगळवार, शुक्रवार डोक्याला तेल, ताकात मेथ्या, आणि वाळ्याचं पाणी. पोरगी दोन वर्षं तेलात आणि ताकात बुडून होती.

बासष्ट सालच्या नवरात्रात, अष्टमीला, वेंकूबाईंनी नेहमीप्रमाणे नऊ कुमारिका बसवल्या. मागं बाहुल्यांचा कोलू मांडलेला, पुढं नऊ पाट, नऊ पोरी. वेंकूबाई परात सरकवत सरकवत एकेकीचे पाय ऊन पाण्यानं धुवायच्या, पुसायच्या, मग अंगठ्यानं पावलावर हळद लावायच्या. तीस वर्षं त्या हे करत आल्या होत्या. हनुमंतरावांनी मनगटं धरली, तशी वेंकूबाईंनी शेकड्यांनी पावलं धरली होती. फक्त त्यांचा कुणी गाजावाजा केला नव्हता, आणि त्यांनाही तसं काही आपल्याला येतं असं कधी वाटलं नव्हतं.

सातव्या पाटावर कनकलता. वेंकूबाईंनी पाय हातात घेतले आणि त्यांचा हात थबकला. पाय गार होते. आडाच्या पाण्यात ठेवलेल्या काकडीसारखे गार. त्यांनी ऊन पाणी पुन्हा ओतलं. चोळलं. पाणी वाहून गेलं की पुन्हा तेच. वर पाहिलं तर पोरीचे गाल लाल आणि कपाळावर घामाचे थेंब.

"थंडी वाजते कां गे?"

"नाहीं मामीआज्जी. ते असेच असतात."

वेंकूबाईंनी हळद लावली आणि त्यांच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली. पावलाच्या उंचवट्यावर अंगठा फिरवताना पोरींच्या कातडीखाली टुकटुक लागतं. आधीच्या सहा जणींना लागलं होतं. ते त्यांना इतक्या वर्षांत इतकं सवयीचं झालं होतं, की कधी तोंडातून उच्चारायची वेळ आली नव्हती. कनकलतेच्या पायाला ते लागेना. त्यांनी दुसरा पाय चाचपला. तिथंही नाही. मग त्यांनी आठव्या पोरीचा पाय धरला. टुकटुक. नवव्या पोरीचा. टुकटुक. परत सातवीचा. काही नाही. पोरींना वाटलं, मामीआज्जींना यंदा पाट मोजता येईनात, आणि त्या खिदळू लागल्या.

दुपारी हनुमंतराव जेवून आडवे झाले होते. वेंकूबाईंनी जाऊन सरळ त्यांचं पाऊल धरलं. ते दचकून उठले. एवढ्या वर्षांत बायकोनं भरदुपारी असं काही केलं नव्हतं.

"तुमच्या पायाला आहे," वेंकूबाई म्हणाल्या.

"काय आहे?"

"नाडी. कनकलतेच्या पायाला नाहीं."

हनुमंतराव इतके हसले, की त्यांना ठसका लागला. "पायाची नाडी! उद्यां कानाची पाहा, परवां नाकाची पाहा. अगे, नाडी हाताला. पाय चालायला. मी तिचा हात पाहिलों नाहीं कां? घोडा आहे घोडा."

"घोड्याचे पाय कां दुखतात मग?"

हनुमंतराव कुशीवर वळले.

वेंकूबाई उठल्या आणि तडक सदाशिवच्या घरी गेल्या. सदाशिव हायस्कुलात गणित शिकवायचा, पण घरात दोन आणि दोन किती हेसुद्धा मामांना विचारल्याशिवाय ठरवायचा नाही. वेंकूबाई त्याच्याशी बोलल्याच नाहीत. त्याची बायको राजम भाजी चिरत होती, तिच्याशी बोलल्या. राजम अतिशय अबोल. हनुमंतरावांसमोर तर तिचा आवाज गेल्या कित्येक वर्षांत कुणी ऐकला नव्हता. पाय गार असल्याचं ऐकताच तिनं पुढ्यातली विळी बाजूला सारली. दसरा उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी ती कुणालाही न विचारता कनकलतेला घेऊन सरकारी दवाखान्यात मुलांच्या डॉक्टरांकडे गेली. संध्याकाळी परत आली ती निरोप घेऊन : उद्या मुलीच्या वडिलांनी यावं.

सदाशिव म्हणाला, "मामा आले तर येतों."

मामांना कळलं तेव्हा मामा लालबुंद झाले. आपल्या घोड्यावर परस्पर परक्यानं हात टाकावा! आणि तीही कोण, तर ओरत्तनाडू गावच्या मराठी घरातली कुणी डॉक्टर कमलाक्षी, तिशीसुद्धा न गाठलेली. "येतों की. त्या पोरीला चार गोष्टी शिकवून येतों," म्हणत त्यांनी सकाळी जरीचं अंगवस्त्र खांद्यावर टाकलं आणि मिरवणूक निघाली. पुढं हनुमंतराव, मागं सदाशिव, त्याच्या मागं राजम आणि कनकलता, आणि सगळ्यांत शेवटी, कुणी बोलावलं नसताना, वेंकूबाई.

दवाखान्याच्या व्हरांड्यात पन्नास-एक माणसांची रांग होती आणि डॉक्टरांच्या खोलीला दाराऐवजी नुसता पडदा होता. तोही वाऱ्यानं वर गेलेला. त्यामुळे पुढं जे झालं ते पन्नास माणसांनी पाहिलं.

डॉक्टर कमलाक्षी उंच, शिडशिडीत आणि झोप कमी पडल्यासारख्या दिसत होत्या. हनुमंतरावांनी उभ्या उभ्या पाव तास व्याख्यान दिलं. वात, पित्त, राजवाडा, पणजोबा. डॉक्टरांनी ते मधे न तोडता ऐकलं, कारण तेवढ्या वेळात त्या कनकलतेच्या हाताला पट्टा बांधून, फुगवून, पारा पाहत होत्या. मग त्यांनी एक रुंद पट्टा काढला आणि तो चक्क पोरीच्या मांडीला बांधला.

"हें काय?" हनुमंतराव ओरडले. "पायाचं ब्लडप्रेशर?"

"हाताचं एकशे सत्तर," डॉक्टर म्हणाल्या. "एवढ्याशा पोरीला. पायाचं नव्वद. खरं पायाचं हातापेक्षा जरा जास्तच असायला पाहिजे. मामा, तुम्ही नाडी पाहतांत ना? पाहा हिची."

हनुमंतराव फुलले. डावं मनगट धरलं, डोळे मिटले, आणि पडद्याबाहेरच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घोडा!"

"शरी, बरं. आतां हिचा पाय पाहा."

हनुमंतराव दोन पावलं मागं सरले. "थोरानं लहानाचा पाय धरावा? पोरीचं आयुष्य कमी होतं!"

"नाहीं धरलांत तर होईल," डॉक्टर म्हणाल्या.

हनुमंतरावांनी सदाशिवकडे पाहिलं, सदाशिवनं जमिनीकडे. शेवटी ते गुडघ्यांवर बसले, धोतर सावरलं, आणि तीन बोटं कनकलतेच्या पावलावर ठेवली. वेंकूबाईंनी येऊन त्यांची बोटं धरून नेमक्या जागी सरकवली. हनुमंतरावांनी डोळे मिटले. ओठ हलवले. डोळे उघडले, बोटं दाबली, पुन्हा मिटले.

"पायाला नाडी नसतेच," ते अखेर म्हणाले.

"सुब्रमण्यम," डॉक्टरांनी कंपाउंडरला हाक मारली, "पाय दे."

सुब्रमण्यमनं चप्पल काढून पाय स्टुलावर ठेवला. हनुमंतरावांनी बोटं टेकवली. टुकटुक, टुकटुक. त्यांनी चपराशाचा पाय पाहिला. तिथंही. मग त्यांना थांबवेना. ते तसेच ओणव्यानं व्हरांड्यात गेले आणि रांगेतल्या पुरुषांचे पाय चाचपत सुटले. याला आहे. यालाही आहे. त्यालाही आहे. तिरुवैयारुकडचा एक म्हातारा शेतकरी नातवाला घेऊन बसला होता. जरीचं अंगवस्त्र घेतलेले एक राव आपल्या चिखलाच्या पायांशी वाकलेले पाहून तो आधी गांगरला, आणि मग सावरून, हनुमंतरावांच्या डोक्यावर हात ठेवून "नल्ला इरु अप्पा," म्हणजे बरा राहा बाबा, असा आशीर्वाद त्यानं दिला.

हनुमंतराव परत आत आले तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना माती लागली होती. ती त्यांनी झटकली नाही.

डॉक्टर सदाशिवला सांगत होत्या. हृदयाच्या डाव्या बाजूनं एक मोठी नळी निघते. तिला आधी डोक्याकडच्या आणि हातांकडच्या फांद्या फुटतात, मग ती वळून खाली पोटाकडे, पायांकडे जाते. कनकलतेची नळी त्या वळणापुढं जन्मापासून आवळलेली आहे. वरच्या भागाला रक्त फार जोरात, खालच्या भागाला झिरपेल तेवढंच. म्हणून डोकं दुखतं, नाक फुटतं, आणि पाय गार. पाठीवर, खांद्यांच्या मधोमध स्टेथोस्कोप लावला की आवाज ऐकू येतो. डाव्या बाजूचं एक बिघडलेलं असलं की हृदयाची शेजारची झडपही पाहावी लागते. तीही मोठ्या हॉस्पिटलात पाहतील.

हनुमंतराव ऐकत होते. आयुष्यभर ते तालुका कचेरीत कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या गावांचे अर्ज वाचत आले होते. 'आमच्या शेतांना पाणी पोचत नाही.' आणि दर अर्जावर त्यांनी एकच शेरा मारला होता : 'कालव्याच्या तोंडाशी जाऊन पाहिले. पाणी भरपूर आहे.' तोंडाशी जायला सोपं होतं, तिथवर जीप जायची. टोकाला ते एकदाही गेले नव्हते. आता त्यांना तो शेरा आपल्या वळणदार अक्षरात डोळ्यांसमोर दिसला आणि कुणीतरी अंगावर ओरडल्यासारखं वाटलं.

"आतां काय करायचं?" सदाशिवनं विचारलं.

"वेल्लूरला पाठवायचं. तिथले सर्जन आवळलेला तुकडा कापून दोन्ही टोकं जोडतात. धोका आहे, मी नाहीं म्हणत नाहीं. पण नाहीं केलं तर विशी-पंचविशीत डोक्यातली शीर फुटेल, नाहींतर हृदय थकेल. आतां हिचं वय योग्य आहे." डॉक्टर थांबल्या. "आणखी मुलं?"

सदाशिव घुटमळला. "एक मुलगा झाला होता. पांच वर्षं झाली. बारशाच्या दिवशींच गेला."

"काय झालं होतं?"

"दृष्ट..." सदाशिवनं सुरुवात केली.

"दूध पीत नव्हता," राजम म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती भिंतीला पाठ लावून उभी होती आणि तिचा आवाज मुळीच कापत नव्हता. "पहिले चार दिवस प्याला. मग दोन घोट घेऊन सोडायचा. धापा टाकायचा. कपाळाला घाम. रंग राखेसारखा झाला. आणि पाय गार."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आतां खात्रीनं कुणी सांगूं शकणार नाहीं. पण डाव्या बाजूचे हे दोष एका घरात दोघांना असूं शकतात. लहान बाळांत असेच दिसतात."

सदाशिव घामाघूम झाला होता. त्यानं सवयीनं मान वळवली. "मामा, वेल्लूरला न्यायची कीं नाहीं? तुम्ही सांगाल तसं."

एवढी साधी गोष्ट होती. हनुमंतरावांनी 'ने' म्हणायचं होतं, आणि मग त्यांचं ते 'ने'सुद्धा मेल वीधीत कौतुकानं सांगितलं गेलं असतं. ते तोंड उघडणार तेवढ्यात राजम म्हणाली, "मामा, बाळाची नाडी तुम्ही पाहिलांत."

"होय."

"उजवा हात धरलांत. चांगली आहे म्हणालांत."

"होय."

"मी दाराआडून सांगितलें, पाय गार आहेत म्हणून."

हनुमंतरावांना ते आठवत होतं. दाराआडचा आवाज आठवत होता, आणि आपण काय म्हणालो तेही. 'दुखणं सांगूं नका, नाडी सांगेल.' बाळंतिणीला असं झटकून ते जेवायला घरी गेले होते, आणि जेवण होऊन हात धुताहेत तोच रडणं ऐकू आलं होतं. पाच वर्षं त्यांनी त्याला दृष्ट म्हटलं होतं आणि सगळ्या घराला म्हणायला लावलं होतं. व्हरांड्यातली रांग पडद्याशी सरकली होती. तो तिरुवैयारुचा म्हाताराही मान पुढं काढून पाहत होता. मराठी त्याला कळत नसावी, पण कुणाची तरी लाज निघते आहे एवढं कुठल्याही भाषेत कळतं.

"होय," हनुमंतराव म्हणाले. "ती सांगितली होती. मी ऐकलों नाहीं. सदाशिवा, मज विचारूं नको. मज कळत नाहीं. हिला विचार."

सदाशिवनं लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर पहिल्यांदा बायकोला विचारलं.

"वेल्लूर," राजम म्हणाली. मग हनुमंतरावांकडे वळली. "तुम्हीही यायचं मामा. तेव्हां जेवायला गेलांत. यंदा बसायचं."

जानेवारीतली तारीख मिळाली. मधल्या तीन-एक महिन्यांत मनगटं पुढं करून येणाऱ्यांना हनुमंतराव ओसरीवरूनच सांगत, "काय होतंय तें आधी सांग." लोकांना ते फारच साधं वाटलं, आणि येणाऱ्यांची संख्या निम्म्यावर आली. वेंकूबाईंचं कॉफीचं काम कमी झालं.

वेल्लूरच्या हॉस्पिटलात शस्त्रक्रिया सकाळी सुरू झाली. लांब बाकावर सदाशिव, वेंकूबाई, राजम आणि राजमशेजारी हनुमंतराव. नऊ वाजले, दहा वाजले, बारा. सदाशिव तीनदा उठून कॉफी पिऊन आला. वेंकूबाईंनी दध्योदनाचा, म्हणजे दहीभाताचा, डबा उघडून पुढं केला, हनुमंतरावांनी मान हलवली. ते पाण्यालाही उठले नाहीत. राजमनं त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि त्यांनी तिला पाहायला लावलं नाही. मनातल्या मनात ते मारुतीला सांगत होते की माझं उरलेलं आयुष्य घे, आणि लगेच त्यांना शरम वाटत होती, कारण चौसष्टाव्या वर्षी देण्यासारखं असं त्यांच्याकडे फारसं उरलं नव्हतं.

अडीच वाजता दार उघडलं. नर्सनं फक्त आईला बोट केलं. राजम आत गेली. दार मिटलं.

किती वेळ गेला ते हनुमंतरावांना सांगता आलं नसतं. दार पुन्हा उघडलं आणि राजम बाहेर आली. सदाशिव उठून उभा राहिला, वेंकूबाई उठल्या. राजम त्या दोघांना ओलांडून बाकापाशी आली आणि हनुमंतरावांसमोर उभी राहिली.

"मामा," ती म्हणाली, "पाय ऊन आहेत."

हनुमंतरावांनी अंगवस्त्र तोंडाशी धरलं आणि चारचौघांत, मोठ्यानं, लहान पोरासारखे रडू लागले. राजम त्यांच्याशेजारी बाकावर बसली आणि त्यांचं रडणं होईपर्यंत तिथंच बसून राहिली.